मघाशी चालत होती

आमच्या आतोबांना सकाळी सव्वासातला कुणी फोन करत नाही. केला तरी उचलला जात नाही. सात वाजून पंधरा मिनिटांनी पुणे स्टेशनातून डेक्कन क्वीन सुटते, आणि त्याच मिनिटाला कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत, कपाटामागून दुसरी एक डेक्कन क्वीन सुटते. शिट्टी आतोबा तोंडानं देतात. पहिली गाडी बहुतेक रोज मुंबईला पोचते. दुसरी ठाकूरवाडीच्या आसपास थांबते, आणि मग आतून आवाज येतो, "काही नाही, कॉन्टॅक्ट आहे!"

आतोबा रेल्वेत नव्हते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तसं वाटतं आणि आतोबा ते खोडून काढत नाहीत. ते बँकेत होते. छत्तीस वर्षं. त्यातली नऊ वर्षं बदली मुंबईला आणि बिऱ्हाड पुण्यात. म्हणजे नऊ वर्षं सकाळी डेक्कन क्वीननं जायचं आणि संध्याकाळी तिनंच परतायचं. पासवाल्यांत कुणी पत्ते कुटायचे, कुणी झोप काढायचे. आतोबा खिडकीशी बसून घाट बघायचे, जाताना एका बाजूचा, येताना दुसऱ्या बाजूचा. ते निवृत्त झाले त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. आत्याला तिथं देवघर हवं होतं. "एक लहानसा घाट करतो," आतोबा म्हणाले, "एका फळीत बसेल."

आता ती फळी चारही भिंतींना लागून फिरते. एका अंगाला लोणावळा, समोर कर्जत, मधे प्लास्टरचा सह्याद्री. दारापाशी उचलायचा पूल आहे, पण तो उचलला की वायरी सुटतात, म्हणून उचलायचा नाही. वाकून खालून जायचं. गॅलरी नेमकी त्या खोलीच्या पलीकडे आहे, त्यामुळे आत्या दिवसातून दोनदा ओल्या कपड्यांची बादली घेऊन मंकी हिलखालून सरपटत जाते. मुलगा सुट्टीवर आला की त्याची गादी फळीखाली पडते. डोकं खंडाळ्याखाली, पाय नागनाथखाली. रात्री उठायचं झालं तर आधी कपाळाला हात लावून मग उठायचं, हे तो आता तिकडे अमेरिकेतसुद्धा करतो म्हणे.

आतोबांशी बोलायचं तर एक आकडा माहीत हवा: ८७. त्यांची गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. सवय अशी झालीय की समोर येईल त्याला ते मनातल्या मनात ८७ नं भागतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचे वडील भेटायला आले होते, ते गेल्यावर आतोबांनी एवढंच मत दिलं, "भला माणूस. एकवीस मिलिमीटर असेल." मी स्वतः बरोबर दोन सेंटिमीटर आहे. खरा एक किलोमीटर त्यांच्या राज्यात साडेअकरा मीटरचा. ताशी शंभरची गाडी सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर पळायला हवी, आणि त्याहून जोरात कुणी पळवली, विशेषतः शेजारच्या मुलांनी, तर आतोबांचा चेहरा आपल्याच अंगावरून गाडी गेल्यासारखा होतो.

या भागाकारानं त्यांना कधीच सुखानं जगू दिलेलं नाही. जुन्या डेक्कन क्वीनचे सतरा डबे आणि इंजिन मापात केलं तर साडेचार मीटरच्या आसपास जातं. खोली बारा बाय दहा फुटांची. म्हणजे इंजिन पलीकडच्या भिंतीला टेकलं तरी शेवटचा डबा स्वयंपाकघरात. तेव्हा पाच डबे जोडायचे आणि सतरा समजायचे. घाटाचं त्याहून कठीण. बोरघाटात गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते. त्याला ८७ नं भागलं की सहा मीटरच्या वर, म्हणजे आतोबांचं कर्जत तिसऱ्या मजल्यावर धरलं तर लोणावळा पाचव्या मजल्यावर, आणि मधल्या चौथ्यावर ज्यांचं बिऱ्हाड आहे त्यांच्या दिवाणखान्यातून नागनाथ. आतोबांनी हे त्यांना एकदा गमतीत सांगितलं होतं. ते गंमत म्हणून घेतलं गेलं नाही. शेवटी सह्याद्री पाऊण फुटावर भागवला, पण चढ मात्र खरा ठेवला: सदतीसला एक. त्यामुळे एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला लागणारी साडेसात सेंटिमीटरची उंची गाठायलाच पावणेतीन मीटर लागतात. खऱ्या घाटात लावतात तसं मागून ढकलायला बँकर इंजिनही लावलेलं आहे. पुढचं इंजिन आणि मागचं इंजिन यांचा वेग कधी जुळत नाही, मग मधले डबे आकाशाकडे बघायला लागतात. "संसारात हेच होतं," आत्या म्हणते.

पण हे सगळं पोटात घालता येतं. पोटात घालता येत नाही ते पावणेतीन मिलिमीटरचं पाप. बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. त्याला ८७ नं गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोपातल्या गाड्यांचं माप. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. तिचे रूळ खरे म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे आतोबांची डेक्कन क्वीन गेली बारा वर्षं युरोपच्या रुळांवरून कर्जतला जाते आहे. पाहुण्यांपैकी हे आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही. येणारही नाही. तरी कुणी खोलीत शिरलं की आतोबा आधी स्वतःच कबुली देतात, "हे बघा, रूळ पावणेतीन मिलिमीटरनं अरुंद आहेत, मला माहीत आहे." सत्यनारायणाला बोलावलेल्या गुरुजींनाही त्यांनी हे सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, "चालतं, श्रद्धा महत्त्वाची."

कुणीतरी लंडनहून प्रेमानं एक इंजिन आणलं. रुळावर बसलं, पळालंही. पण ते ओओ मापाचं, शहात्तरास एक. इंग्रजांची खरी इंजिनं अंगानं लहान. हे माप ठरलं त्या काळच्या मोटरी मापातल्या खोक्यात मावेनात, म्हणून त्यांनी रूळ तेच ठेवले आणि वरचं अंग वाढवलं. आतोबांनी दोन्ही हात जोडून ते इंजिन शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवलं. जावयाला ठेवतात तसं. कामाला लावायचं नाही, पण धूळ पुसायची.

त्यांचं लाडकं इंजिन खेकडा. जुन्या मुंबई-पुणे मार्गावर मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-१, तपकिरी, लांबट, दोन्ही बाजूंना नाक काढलेलं. त्याला घाटातली माणसं खेकडा म्हणायची. आतोबांनी त्याचं अंग लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापून केलंय. पत्रिका जाड आणि गुळगुळीत लागते, म्हणून आमच्या घरातल्या लग्नांच्या पत्रिका कशा छापायच्या यात त्यांचं मत असतं. एकदा आत्या व्याह्यांकडे फोनवर सहज बोलून गेली, "हे नाही येत हो, सकाळपासून खेकड्याचा पाय बसत नाहीये." पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही हे केव्हापासून सुरू केलंत?"

खऱ्या घाटातून दीड हजार व्होल्टचा डीसी केव्हाच गेला, पंचवीस हजारांचा एसी आला, खेकडेही गेले. "माझ्याकडे अजून डीसी आहे," आतोबा सांगतात, "बारा व्होल्टचा का होईना." २०२२ साली डेक्कन क्वीनला नवे एलएचबी डबे लागले. ते आतोबांच्या खोलीत नामंजूर झाले. १ जूनला मात्र वाढदिवस होतो. गाडी १९३० च्या १ जूनला सुरू झाली. पुणे स्टेशनावर प्रवासी केक कापतात, इथं आत्या शिरा करते.

देखाव्याचं शिक्षण आपल्याकडे वेगळं घ्यावं लागत नाही. दिवाळीत ज्यानं मातीचा किल्ला केलाय त्याला डोंगर जमतो. आतोबांना तर इतका जमतो की पहिल्या वर्षी त्यांनी किल्ल्यावर पेरतात तसे घाटभर अळीव पेरले. चौथ्या दिवशी सह्याद्री हिरवागार झाला. शेजारीपाजारी बघायला आले. सहाव्या दिवशी अळीव दोन इंचांवर गेले आणि साडेचार सेंटिमीटर उंचीची डेक्कन क्वीन गवतात दिसेनाशी झाली. नुसता आवाज यायचा. ओलीनं प्लायवूड फुगलं, लोणावळा एका बाजूनं उचलला गेला, रुळांवर काळपट थर आला. आत्यानं ते अळीव कापून त्याचे लाडू होतील का ते पाहिलं. होत नाहीत, बिया लागतात.

तेव्हापासून हिरवळ स्पंजाची. अंघोळीचा स्पंज मिक्सरमधून काढायचा, हिरव्या रंगात भिजवायचा, वर्तमानपत्रावर वाळवायचा. हा मिक्सर आत्याचा आणि भांडं चटणीचं, हे तिला दुसऱ्या दिवशी इडल्यांबरोबर कळलं. झाडांखालचा पाचोळा म्हणजे वापरून वाळवलेली चहापत्ती; त्यासाठी आतोबा चहाचा चोथा टाकू देत नाहीत, पाहुण्यांच्या कपातलाही नाही. खडी म्हणजे चाळलेली बारीक वाळू. ती रुळांमध्ये दाढीच्या ब्रशानं पसरायची, मग फेव्हिकॉलमध्ये दुप्पट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर पाणी खडीत मुरत नाही, वर गोळे होऊन बसतं. हे मला पाठ आहे, कारण एका मे महिन्यात जांब्रुंग ते पळसधरी मी सोडलंय, थेंब थेंब. मानेचं दुखणं तेव्हापासूनचं.

कर्जतच्या फलाटावर वडेवाला आहे. त्याच्या पाटीतले वडे खसखशीचे, प्रत्येक दाणा भिंगाखाली धरून तपकिरी रंगवलेला. खसखस जवळजवळ एक मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या मापात वडा साडेआठ सेंटिमीटरचा होतो. मी एकदा धाडस करून म्हटलं, "आतोबा, वडा जरा मोठा नाही का?" पावणेतीन मिलिमीटरसाठी बारा वर्षं जळणारा हा माणूस शांतपणे म्हणाला, "कर्जतचा वडा मोठाच असतो."

हे झालं बांधकाम. खरे आतोबा दिसतात ते गाडी बंद पडल्यावर.

गाडी बंद पडण्याचा आणि माणसं येण्याचा काही संबंध आहे, असं मला फार वर्षं वाटतं. एकटे असतील तेव्हा लोणावळा-कर्जत दहा-दहा फेऱ्या बिनतक्रार होतात. कुणी चप्पल काढली की हेडलाइट मिचमिचतो. आतोबा बटण फिरवतात, गाडी चार सेंटिमीटर जाते आणि उभी राहते. "मघाशी चालत होती!" हे वाक्य ते इतक्या कळवळून म्हणतात की पाहुण्यालाच अपराधी वाटतं. मग ते म्हणतात, "तो वडेवाला पाहिलात का, तिकडे?" आपण तिकडे बघतो आणि तेवढ्यात त्यांची तर्जनी मागून गाडीला हळूच टोचते. आत्या याला 'बाप्पाचं बोट' म्हणते. खोलीत सगळ्यात जास्त मैल त्या बोटानं गाडी ढकललीय.

माणसं गेली की दार लोटलं जातं. आता भिंग, चिमटा, मल्टिमीटर आणि कापसाचा बोळा. स्पिरिटात बुडवलेला बोळा रुळावरून फिरवायचा आणि, हे फक्त आतोबाच करत असावेत, तो आधी नाकाशी न्यायचा. वासावरून निदान. ठिणग्यांची काजळी असेल तर तसा वास येतो म्हणतात, मोटरीतलं तेल गळलं असेल तर वेगळा. स्वयंपाकघरातून हवेत तरंगत येऊन रुळांवर बसलेला तेलाचा पातळ पापुद्रा असेल, तर बोळा दाराच्या दिशेनं उंच धरून आतोबा मोठ्यानं म्हणतात, "फोडणी!"

यावर एक नोंदवही आहे. बँकेतला माणूस. लांब, उभी, कापडी पुठ्ठ्याची. रकाने आखलेले: तारीख, गाडी, स्थळ, किती वेळ, कारण. आणि शेवटी दोन सह्यांची जागा, कारण एका सहीवर आतोबांनी उभ्या आयुष्यात व्हाउचर पास केलेलं नाही. दुसरी सही आत्याची. ती रोज रात्री पोळ्या झाल्यावर, हात पुसून, वही न वाचता सही करते. फक्त कारणाच्या रकान्यात 'फोडणी' असेल तिथं करत नाही. तिथं ती बारीक अक्षरात लिहिते, 'अमान्य'. बारा वर्षांत 'फोडणी'पुढं तिची एकही सही नव्हती.

एकदा सगळाच घाट मेला. बटण फिरवलं की ट्रान्सफॉर्मर कण्हायचा आणि गप्प व्हायचा. शॉर्टसर्किट. "शॉर्ट शोधायचा म्हणजे अर्धं अर्धं करत जायचं," आतोबांनी मला फळीखाली उताणं झोपून समजावलं. घाट मधून तोडायचा, कुठल्या अर्ध्यात मल्टिमीटर वाजतो ते बघायचं, मग त्या अर्ध्याचं अर्धं. हे काम तासाभराचं. आतोबांनी अकरा दिवस पुरवलं. त्या अकरा दिवसांत ते सकाळी शीळ घालत उठायचे, पोळी मागून घ्यायचे, रात्री जेवताना हात थांबवून म्हणायचे, "आज नागनाथ निर्दोष सुटला." बाराव्या दिवशी दोन नंबरच्या बोगद्यात नातीचा केसांचा आकडा सापडला, दोन्ही रुळांवर आडवा. तिनं तो 'खजिना' म्हणून लपवला होता. गाडी धडाधड चालू लागली. आतोबांनी चार फेऱ्या बघितल्या, मग वर्तमानपत्र उघडलं. दुपारी म्हणाले, जरा अंग मोडून आल्यासारखं वाटतंय.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. नंतर मी लक्ष ठेवलं. कर्वे रस्त्याच्या जवळ भाऊ जोशांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ सालापासूनचं; आतोबा वर्षातून दोनदा जातात. मुलं नाचत असतात, गाड्या, सिग्नल, दिवे, सगळं एका वेळी चालू. आतोबा हात मागे बांधून कान देऊन उभे राहतात. परत येताना बसमध्ये गप्प. "कसं वाटलं?" विचारलं तर, "उत्तम. फारच उत्तम." आणि मग बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघत, "काही थांबतच नाही रे तिथं."

गेल्या मार्चमध्ये आतोबांच्या घरीही तसंच झालं. मुलानं अमेरिकेतून नवी चाकं पाठवली, हवा कोरडी, सांधे सगळे घट्ट. डेक्कन क्वीन सव्वासातला कपाटामागून सुटायची आणि कर्जतला पोचायची. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. नोंदवहीत दहा दिवस 'निरंक'. गाडी पोचली की आतोबा पुन्हा दहापर्यंत झोपायला लागले. खोलीत जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. एक दिवस स्वयंपाकघरात येऊन आत्याला म्हणाले, "मिक्सर जरा आवाज करतोय का गं? खोलून बघू?" अकराव्या दिवशी मी गेलो होतो, आम्ही तिघं शेजारच्या मुंजीला जेवायला निघालो. आतोबा खाली रिक्षा थांबवायला गेले. आत्या कुलूप लावता लावता थांबली, "आलेच" म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा पदराला तर्जनी पुसत होती. जिन्यात शेंगदाण्याच्या तेलाचा वास आला. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काय बघतोस? चल, पंगत उठेल."

संध्याकाळी गाडी ठाकूरवाडीला थांबली. आतोबा धावत गेले. मी दारातून बघत होतो. बोळा स्पिरिटात बुडवला, रुळावरून फिरवला, नाकाशी नेला. बराच वेळ तिथंच धरला. मग तसाच हळूच खिशात घातला आणि नोंदवही ओढली.

ती मी परवा पुन्हा उघडून पाहिली. ठाकूरवाडी, एक तास चाळीस मिनिटं. कारण: फोडणी. पुढं दोन्ही सह्या आहेत. त्या दिवशी घरात फोडणी पडलीच नव्हती.